विरघळतं का, परत येतं का: तालुक्याच्या कॉलेजात प्रिऑनसारख्या प्रथिनांचं काम

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. प्रोजेक्टचे विषय ठरवायची वेळ आली की तीच यादी समोर येते: विहिरीचं पाणी, कडुनिंबाचा अर्क, शेतातल्या मातीतले जिवाणू. विषयांत वाईट काही नाही, पण पोरांना त्यांची उत्तरं आधीच पाठ असतात. मध्ये एकीनं विचारलं, "मॅडम, प्रिऑनवर काही करता येते का आपल्याले?" (प्रिऑन म्हणजे वेगळी घडी घेतलेलं आणि शेजारच्या प्रथिनालाही तशीच घडी घ्यायला लावणारं प्रथिन.) मागून लगेच आवाज आला, "त्याले तं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागते." नाही लागत. निदान सुरुवातीला तरी नाही. काय लागतं आणि कसं करायचं, ते माझ्यासारख्या इतर कॉलेजांतल्या शिक्षकांसाठी आणि एम.एस्सी.च्या पोरांसाठी इथे लिहिते आहे.

सगळ्या कामात एकच प्रश्न हाताशी ठेवायचा: जे घडलं ते उलटवता येतं का, आणि उलटवल्यावर पुन्हा घडू शकतं का? नळी गढूळ झाली म्हणजे लगेच प्रथिनाचे थेंब झाले असं नाही, आणि यीस्टची पांढरी कॉलनी दिसली म्हणजे लगेच प्रिऑन सापडला असं नाही. या विषयात घाईनं नाव देण्याची खोड फार आहे, छापून आलेल्या कामातसुद्धा.

पार्श्वभूमी थोडक्यात. प्रिऑन हे नाव स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये दिलं, १९९७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. यीस्टमध्ये मात्र ब्रायन कॉक्स यांनी १९६५ मध्येच 'पीएसआय' नावाचा एक विचित्र गुणधर्म नोंदवला होता, जो मेंडेलच्या नियमांत बसत नव्हता. त्याचा अर्थ १९९४ मध्ये रीड विकनर यांनी लावला. त्यांनी तीन कसोट्या मांडल्या, आणि आपल्या कामाला त्या पुरेशा आहेत. पहिली: गुणधर्म घालवता आला पाहिजे, आणि घालवलेल्या पेशींत तो पुन्हा उपजू शकला पाहिजे. दुसरी: ते प्रथिन पेशीत जास्त बनवलं तर गुणधर्म उपजण्याचं प्रमाण वाढलं पाहिजे. तिसरी: प्रिऑन असताना पेशी जशी वागते, साधारण तशीच ती त्या प्रथिनाचं जनुक बिघडल्यावरही वागली पाहिजे.

वर्गात पोरं विरजणाची उपमा देतात. मी ती देऊ देत नाही. विरजणात जिवंत जिवाणू असतात, आणि इथला सगळा मुद्दाच हा आहे की जिवंत काहीच नाही, नवं जनुक नाही, फक्त त्याच प्रथिनाची वेगळी घडी आहे आणि ती शेजारच्या प्रथिनाला स्वतःसारखं करते.

घरच्यांना काय सांगायचं

हे आधी उरका. प्रिऑन म्हटलं की कोणीतरी मोबाइलवर शोधतं, वेड्या गाईचा आजार सापडतो, आणि दुसऱ्या दिवशी वडील कॉलेजात हजर. यीस्टचे प्रिऑन यीस्टपुरते असतात, माणसाला त्यांच्यापासून आजार होत नाही, हे साध्या भाषेत सांगा. पण एक रेघ ठाम ओढा: कोणत्याही जनावराचा मेंदू किंवा मज्जारज्जू लॅबमध्ये आणायचा नाही, "फक्त स्लाइड पाहू" म्हणूनसुद्धा नाही. सस्तन प्राण्यांचे प्रिऑन १२१ अंशांच्या नेहमीच्या ऑटोक्लेव्हनं खात्रीनं निकामी होत नाहीत. त्यासाठी लागणारी व्यवस्था आपल्याकडे नाही, आणि विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये ती असण्याची गरजही नाही.

आधी कागद आणि पेन्सिल

उन्हाळ्यात हेच करा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. कूलर लावला तरी प्लेटा एका बाजूनं सुकतात आणि दुसऱ्या बाजूनं बुरशी धरतात. त्या दिवसांत यीस्टला हातच लावू नये.

युनिप्रॉट या मोफत संकेतस्थळावर यीस्टचं सप-३५ हे प्रथिन काढा. त्याचा क्रमांक पी०५४५३. एकूण ६८५ अमिनो आम्लं. त्यातली पहिली १२३ म्हणजे प्रिऑन बनवणारा भाग, २५३ पर्यंत मधला भाग, आणि २५४ पासून पुढे खरं काम करणारा भाग, जो प्रथिनं बनवण्याची क्रिया योग्य जागी थांबवायला मदत करतो. पहिल्या १२३ अक्षरांची (एका अमिनो आम्लाला एक इंग्रजी अक्षर) छापील प्रत प्रत्येकाच्या हातात द्या आणि क्यू (ग्लुटामिन) व एन (अ‍ॅस्परजिन) या अक्षरांना गोल करायला सांगा. पहिल्या ४० अक्षरांतच अशी २२ गोल होतात. विद्युतभार असलेली अक्षरं त्याच ४० मध्ये जेमतेम दोन. पुढे ४१ ते ९७ या पट्ट्यात पी-क्यू-जी-जी-वाय-क्यू-क्यू-वाय-एन असा नऊ अक्षरांचा तुकडा थोड्याफार फरकानं पुन्हा पुन्हा येतो. तो शोधायला लावा. मग शेजारी हिमोग्लोबिनची बीटा साखळी ठेवा आणि त्यातही तेच करायला सांगा. लो-कॉम्प्लेक्सिटी म्हणजे काय हे त्यानंतर व्याख्या सांगून शिकवावं लागत नाही: वीस अक्षरं उपलब्ध असताना चार-पाच अक्षरांवरच भागवलेलं.

इथे एक गफलत हमखास होते. लो-कॉम्प्लेक्सिटी म्हणजे प्रिऑनसारखंच, असं पोरं धरून चालतात. ती मोडायला भंडारा-गडचिरोलीकडचा टसर कामी येतो. टसरच्या जातीतल्या किड्यांचं फायब्रोइन, म्हणजे रेशमाचं प्रथिन, काढून पाहा: अलानिनच्या लांबच लांब रांगा, ग्लायसिन भरपूर, क्यू आणि एन नावाला. अक्षरांची विविधता कमी आहे, पण सप-३५ च्या घराण्याशी त्याचा संबंध नाही. कोलॅजनचंही तसंच, दर तिसरं अक्षर ग्लायसिन.

यानंतर संगणक. प्लॅक नावाचं मोफत साधन आहे, प्रिऑनसारखे पट्टे शोधून गुण देणारं, यीस्टच्या ओळखीच्या प्रिऑन भागांची अक्षररचना घेऊन तयार केलेलं. त्यात सप-३५ टाका, माणसाचं एफयूएस (पी३५६३७, ५२६ अमिनो आम्लं) टाका, टीडीपी-४३ (क्यू१३१४८, ४१४ अमिनो आम्लं) टाका, आणि हिमोग्लोबिन टाका. पार्श्वभूमी म्हणून कोणत्या जीवाची अमिनो आम्लं धरायची हे ते विचारतं. तुलना करताना ही सेटिंग मध्येच बदलू नका, नाहीतर गुण एकमेकांशी ताडता येणार नाहीत. एफयूएसमध्ये पहिली २१४ आणि टीडीपी-४३ मध्ये २७४ पासून शेवटपर्यंतचा पट्टा वर उठलेला दिसेल. ही दोन्ही प्रथिनं एएलएस या मज्जापेशींच्या आजाराशी जोडलेली आहेत, म्हणून या विषयाकडे एवढं लक्ष आहे. प्रथिनाच्या घडीचा अंदाज देणाऱ्या अल्फाफोल्डवर याच पट्ट्यांचं चित्र उघडलं तर केशरी-पिवळ्या, भरकटलेल्या दोऱ्या दिसतात. तो बिघाड समजू नका. तिथे ठाम घडी नसावी, एवढंच कमी खात्रीचा तो रंग सुचवतो.

मग हा उद्योग करायला लावा. सप-३५ ची पहिली १२३ अक्षरं एक्सेलमध्ये एकाखाली एक टाका, शेजारच्या रकान्यात रँड हे कसेही आकडे देणारं सूत्र लावा, त्यावरून क्रम लावून अक्षरं पुरती विस्कटा, आणि विस्कटलेला तुकडा पुन्हा मूळ प्रथिनाला जोडून प्लॅकमध्ये द्या. गुण फारसे पडत नाहीत. पोरं म्हणतात, "मॅडम, सॉफ्टवेअर खराब हाये." खराब नाही, ते क्रमापेक्षा अक्षरांचं प्रमाणच तोलतं. आणि निसर्गही इथे बराचसा तसाच वागतो: विकनर यांच्याच गटात २००५ मध्ये सप-३५ चा हा भाग विस्कटून प्रत्यक्ष यीस्टमध्ये घातला, तरी प्रिऑन बनले. याचा दुसरा अर्थही वहीत लिहून ठेवा. एखाद्या कुटुंबात एकाच अमिनो आम्लाच्या बदलानं आजार येतो, जसा एचएनआरएनपी-ए१ या प्रथिनात २६२ व्या जागी डी चा व्ही झाल्यावर येतो. तो बदल किती घातक हे नुसत्या प्लॅकच्या गुणांवर ठरवायचं नाही.

थेंब पाहायचे असतील तर

एफयूएससारखी प्रथिनं पाण्यातून वेगळी होऊन थेंब करतात, पण शुद्ध एफयूएस आपल्याला परवडत नाही. दोन मोठे रेणू असे थेंब कसे करतात, हे मात्र जिलेटिन आणि डिंकावर पाहता येतं. हा जुना प्रयोग आहे. लाडवाचा डिंक बाजारातून आणू नका. त्यात धावड्याचा, बाभळीचा, कशाचाही डिंक असतो, वर साल आणि माती. गम अकेशिया पावडर नागपूर-अमरावतीच्या केमिकल दुकानात मिळते. जिलेटिन हाडा-कातड्याचं असतं हे वर्गात आधीच सांगा. ज्याला हात लावायचा नसेल त्याला नोंदी घ्यायला बसवा.

दोन्हींचं २ टक्के द्रावण करा. जिलेटिन आधी थंड पाण्यात फुगू द्या, मग ५० अंशांपर्यंत तापवून विरघळवा. डिंकाचं द्रावण कापडातून गाळा. दोन्ही सारखी मिसळा आणि भांडं ४० ते ४५ अंशांच्या पाण्यात ठेवा, नाहीतर जिलेटिन गोठतं आणि तुम्ही भलतीच गोष्ट पाहत बसता. आता व्हिनेगर थेंबाथेंबानं टाका, दर वेळी ढवळा, पीएच पट्टी लावत राहा. साधारण ४ च्या आसपास द्रावण दुधाळ होतं. तिथे थांबा. आम्ल आणखी ओतत गेलात तर डिंकावरचा ऋणभार जातो आणि दुधाळपणा ओसरू लागतो.

एक थेंब कोमट काचेवर घेऊन ४० च्या भिंगाखाली पाहा. गोल थेंब दिसले पाहिजेत, आणि धीर धरलात तर दोन थेंब एकमेकांत शिरून एक मोठा गोल होताना दिसेल. इथे घाई करू नका, तास याच दृश्यावर घालवा. उरलेलं द्रावण तीन नळ्यांत वाटा. एका नळीत मीठ टाका, ५ मिलीला ०.३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोलर. दुसरीत सौम्य सोडिअम हायड्रॉक्साइडनं पीएच वर न्या. तिसरी तशीच ठेवा. चौथ्या, वेगळ्या नळीत दहापट पाण्यात मिसळून गाळलेला अंड्याचा पांढरा भाग घ्या, ८० अंशांवर गरम करून गढूळ करा, मग त्यातही मीठ टाका. पहिल्या दोन नळ्या निवळतात, अंड्याची निवळत नाही. कलरीमीटरवर चारही नळ्या मिठाआधी जवळपास सारख्या गढूळ दिसू शकतात. म्हणून नुसता गढूळपणाचा आकडा मी प्रोजेक्टमध्ये निष्कर्ष म्हणून मान्य करत नाही.

एक फरक मात्र अहवालात स्पष्ट लिहा. जिलेटिन-डिंकाचे थेंब विरुद्ध विद्युतभारांच्या ओढीनं होतात. एफयूएसच्या पहिल्या २१४ अमिनो आम्लांत भार जवळपास नाहीच. तिथे टायरोसिनच्या चिकटण्यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून मीठ टाकल्यावर तिथे काय होईल हे इथल्या निकालावरून सांगू नका. मोठ्या लॅबमध्ये एफयूएसला एमबीपी नावाचं विद्राव्य प्रथिन जोडून ठेवतात, टीईव्ही या विकरानं ते कापलं की द्रावण दुधाळ होतं. मग हेक्सेनडायॉल या रसायनाच्या १,६ प्रकारानं थेंब विरघळतात का ते पाहतात, आणि जोडीला २,५ प्रकार लावतात, जो कमी परिणाम करतो. हेक्सेनडायॉल पेशीत इतरही बरंच काही मोडतं, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या साक्षीवर मी फार भर देणार नाही. एफयूएसचे थेंब वेळ गेला की घट्ट होत जातात, आणि जी१५६ई (१५६ व्या जागी जी चा ई) या बदलात ते लवकर घडतं, हे २०१५ मध्ये दाखवलं गेलं. तुमच्या विद्यार्थ्याला कधी मोठ्या लॅबमध्ये उन्हाळी इंटर्नशिप मिळाली तर त्याला एवढं सांगून पाठवा: पहिल्या मिनिटालाही बघ आणि काही तासांनीही बघ.

यीस्ट, दिवाळीनंतर

सोयाबीन निघालं, कापसाची वेचणी चालू आहे, पोरं अधूनमधून गैरहजर आहेत, पण हवा बरी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ. यीस्टला ३० अंश लागतात आणि रात्री गारठा असतो, म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावा. अंडी उबवण्याच्या मशिनला बसवतात तो छोटा तापमान-कंट्रोलर कुक्कुटपालनाचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतो; तो जोडला की झालं इन्क्युबेटर. लोडशेडिंगमध्ये खोकं उघडायचं नाही.

बेकरीचं यीस्ट इथे चालत नाही. ७४-डी६९४ हा वाण लागतो, पीएसआय प्लस आणि पीएसआय मायनस अशी जोडी. यीस्ट प्रिऑनवर काम करणाऱ्या लॅबला कॉलेजच्या लेटरहेडवर, काय करणार ते नीट लिहून, विनंती करा. या वाणात एडीई१ जनुकात एक थांबा-संकेत चुकीच्या जागी आहे. सप-३५ नीट काम करत असेल तर पेशी तिथे थांबते, ॲडेनिन बनवण्याची साखळी अर्धवट राहते आणि लाल रंगद्रव्य साठतं. सप-३५ प्रिऑन होऊन गोळा झालं असेल तर काही वेळा थांबा ओलांडला जातो, साखळी पुरी होते आणि कॉलनी पांढरी किंवा गुलाबी दिसते. म्हणजे प्रथिनाची घडी डोळ्यांनी, रंगावरून वाचायची. या विषयात यापेक्षा स्वस्त आणि सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

माध्यम ५०० मिलीसाठी: पेप्टोन १० ग्रॅम, डेक्स्ट्रोज १० ग्रॅम, अगार १० ग्रॅम. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट एरवी ५ ग्रॅम घालतात, पण त्यात ॲडेनिन असतं आणि ते मुबलक मिळालं की लाल रंग फिका पडतो, म्हणून रंग पाहायच्या प्लेटांत ते निम्मं किंवा त्याहून कमी करा. मेडिकलमधलं ग्लुकोजचं पाकीट वापरू नका, त्यात इतर गोष्टी मिसळलेल्या असतात. ऑटोक्लेव्ह बंद असेल तर घरचा कुकर चालतो: शिटी आली की आच मंद करून २० मिनिटं.

प्रिऑन घालवायला गुआनिडिन हायड्रोक्लोराइड. १ मोलर साठा करा (१० मिलीत ०.९६ ग्रॅम), ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा. २५० मिली माध्यम हाताला सोसवेल इतकं निवलं की त्यात १.२५ मिली मिसळा, म्हणजे ५ मिलिमोलर होतं. हातमोजे घाला. पांढऱ्या कॉलनीतून एक घेऊन या प्लेटवर रेघोट्या ओढा, दोन-तीन दिवसांनी त्यातली एक कॉलनी नव्या गुआनिडिन प्लेटवर, मग पुन्हा एकदा, आणि शेवटी साध्या प्लेटवर. त्याच मूळ कॉलनीला तितक्याच वेळा साध्या प्लेटांवरूनही न्या. ही जोडी नसेल तर प्रयोग झालाच नाही असं समजा. साध्या प्लेटा चार दिवस वाढवून मग काही दिवस फ्रिजमध्ये ठेवा, लाल रंग तिथे गडद होतो.

इतक्या वेळा का न्यायचं? गुआनिडिन गोळे विरघळवत नाही. ते एचएसपी-१०४ या प्रथिनाला अडवतं, जे गोळ्यांचे तुकडे करून नवी बीजं पुरवत असतं. तुकडे व्हायचे थांबले की पेशी विभागता विभागता बीजं वाटली जाऊन संपतात. न वाढणाऱ्या पेशींवर गुआनिडिन ओतून ठेवलं तर काही होत नाही, हेही वाटलं तर करून पाहा.

आता संशय घ्यायला शिका. मायटोकाँड्रिया बिघडलेल्या, ज्यांना पेटिट म्हणतात त्या पेशी प्रिऑन नसतानाही पांढऱ्या दिसतात, कारण लाल रंग तयार व्हायला श्वसन लागतं. म्हणून प्रत्येक पांढरी कॉलनी डेक्स्ट्रोजऐवजी ३ टक्के ग्लिसरॉल असलेल्या प्लेटवरही लावा. तिथे वाढली नाही तर ती पेटिट, यादीतून बाद. ग्लिसरॉलवर वाढते पण गुआनिडिननंतरही पांढरीच राहते, तर बहुधा डीएनएमधला खरा बदल. आणि धुळीच्या दिवसांत आलेली पांढरी कॉलनी आधी मायक्रोस्कोपखाली, बाकी सगळं नंतर.

लाल झालेल्या कॉलनीतून प्रिऑन परत येतो का? विकनर यांच्या पहिल्या कसोटीचा हा दुसरा अर्धा भाग आपल्याकडे अवघड आहे. आपोआप उपजण्याचं प्रमाण साधारण दहा लाखांत एक किंवा त्याहूनही विरळ. शिवाय पीएसआय नव्यानं उपजायला 'पिन' नावाचा दुसरा प्रिऑन मदत करतो, आणि गुआनिडिन तोही घालवतं. सप-३५ जास्त बनवणारं प्लाझ्मिड पिन असलेल्या वाणात घातलं तर काम सोपं होतं, पण त्यासाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. आमच्याकडे ती नाही, म्हणून आम्ही ते करत नाही. अहवालात "प्रिऑन सिद्ध केला" असं लिहू नका. "गुणधर्म गुआनिडिननं जातो, पेटिट वगळले, परत येणं तपासलं नाही" असं लिहा. बाहेरून आलेल्या परीक्षकांना असं वाक्य आवडतं, आणि आवडलं नाही तरी ते खरं असतं.

काम संपलं की प्लेटा कुकरमधून काढा. वाण जपायचा असेल तर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये डीप फ्रीजरला, तो नसेल तर तिरप्या अगारावर फ्रिजमध्ये, आणि एक जोडी शेजारच्या कॉलेजात, कारण वीज दोन्हीकडे एकाच दिवशी जाईलच असं नाही. नव्या नळीत उतरवताना आधी रंग तपासलेली एकच कॉलनी घ्या, कडेचा घोळका खरवडून नाही. प्रत्येक नळीवर तारीख, वाण आणि रंग लिहा. नुसतं "यीस्ट" लिहिलेली नळी मी सरळ कुकरात टाकते.